खरा आहे का रे?

आमच्या खानदानात मी 'दगडवाला'. कॉलेजात तीन वर्षं भूशास्त्र होतं एवढंच. पुढे पोटापाण्यासाठी भलतंच काही करत बसलो, पण ही ओळख काही सुटली नाही. कुणाच्या परसात काही चकाकलं की ते रुमालात बांधून माझ्यापुढे येतं. दहातल्या नऊ वेळा गारगोटी निघते आणि आणणाऱ्याचं तोंड उतरतं.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. (हे तिला विचारूनच लिहितोय.) चहा झाल्यावर तिने कपाटातून एक मखमली पिशवी काढली. आत अंगठ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ, टोकदार खडा. सोबत गुळगुळीत कार्ड. सूनबाई एडिसनला असते, तिने तिथल्या दुकानातून आणलेला. काका गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते.

"खरा आहे का रे?" मावशीने विचारलं.

असा खडा हातात आला की प्रत्येकाला आधी स्फटिकच वाटतो. पण स्फटिक सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या अंगावरच्या बारीक रेघा आडव्या जातात. हा चार बाजूंचा, जवळजवळ चौकोनी, वर चार उतरत्या पाकळ्यांचं टोक, आणि रेघा उभ्या. खालची बाजू तुटलेली होती, पण ती वेडीवाकडी नव्हती. सुरीने वडी कापावी तशी सपाट, आणि तिच्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया चमक. स्फटिक असा सपाट तुटत नाही, काचही नाही. मग मावशीची परवानगी घेऊन त्या तुटक्या बाजूवर सुरीचं टोक ओढलं. ओरखडा उठला. स्फटिकावर तो उठला नसता, उलट त्यानेच काचेवर रेघ मारली असती. राहता राहिला कॅल्साइट. पण तो याहून बराच मऊ, आणि मोडला की तिरक्या बाजूंचे तुकडे पडतात.

म्हणजे अपॉफिलाइट. कार्डावरही तेच नाव होतं, आणि खाली बारीक अक्षरात 'इंडिया'. आता बोला! हा आपल्याकडचाच दगड, सातासमुद्रापार जाऊन, जादू घेऊन परत आलेला :-)

आपला अख्खा सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत होता. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, दगड थिजला आणि पोकळ्या राहिल्या. पुढे काही कोटी वर्षं त्यांतून गरम, क्षार विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिकं वाढत गेली. पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग लावला की अशी एखादी पोकळी उघडी पडते. आत पांढरी, पारदर्शक, क्वचित हिरवी अपॉफिलाइटं आणि शेजारी पीच रंगाचे स्टिल्बाइटचे गुच्छ. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक मिरवतात. आपण मात्र यातलं बहुतेक खडीत घालून रस्त्याखाली गाडत आलो. असो.

मला सगळ्यात आवडते ती नावाची गोष्ट. हा खडा तापवला की पापुद्रे सुटून उडतात, म्हणून फ्रान्सच्या हाय यांनी १८०६ साली पान आणि सुटणं या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं. पापुद्रे सुटतात कारण आत पाणी आहे. वजनाच्या जवळजवळ सोळा टक्के! खडा जन्मला तेव्हाचं, त्याच्या रचनेतच बसलेलं पाणी.

हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकलं आणि कार्ड पुढे केलं. "आणि हे? हे खरं आहे का?"

कार्डावर लिहिलं होतं की प्राचीन काळापासून ऋषिमुनी हा खडा वापरत आले. पौर्णिमेच्या चांदण्यात शुद्ध करून उशाशी ठेवा, मन निर्मळ असेल तर गेलेली माणसं संवाद साधतात.

ऋषिमुनींचं सोपं होतं. आपल्या जुन्या रत्नपरीक्षेत हिरे, माणकं, मोती, स्फटिक यांची चर्चा भरपूर, पण हा खडा वेगळा आहे हेच मुळी दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी ओळखलं गेलं. खड्यांच्या गुणांच्या अशा याद्या बहुतेक १९८० नंतरच्या अमेरिकन पुस्तकांतून आलेल्या. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली एक प्रयोग मांडला होता. ऐंशी जणांपैकी काहींच्या हातात खरा स्फटिक दिला, काहींच्या हातात नकली. ऊब, मुंग्या, ऊर्जा, सगळं दोन्हीकडे सारखंच जाणवलं. काय जाणवेल हे ज्यांना आधी सुचवलं होतं, त्यांना जास्त.

पण मावशी प्रयोगाबद्दल विचारत नव्हती. गप्प बसावं, म्हातारीला आधार आहे तर असू दे, असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, "नाही मावशी. दगड खरा आहे. ते खरं नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. दोन पौर्णिमा झाल्या. मला वाटायचं, माझंच मन निर्मळ नाही म्हणून हे बोलत नाहीत."

त्या कार्डावरच्या एका वाक्याने माझ्या मावशीला दोन महिने काय केलं होतं, ते तेव्हा कळलं. 'असू दे, नुकसान काय आहे' असं म्हणणाऱ्यांत मीही आजवर होतो. आता नाही. (सूनबाई, वाचत असशील तर तुझ्यावर राग नाही, मावशीचा तर अजिबात नाही. खडा तिला फार आवडलाय.)

कार्ड तिने फाडलं नाही, रद्दीत टाकलं. मग बोलत बसली, दगडांबद्दल नाही, काकांबद्दल. ते किती घोरायचे, सुटीच्या दिवशी शेव-चिवडा कसा लपवून ठेवायचे. मध्येच आठवलं तिला, माहेरी विहीर खणताना असेच पांढरे खडे निघाले होते, पोरींनी ते सागरगोट्यांसारखे खेळून हरवून टाकले.

दिवाळीनंतर तिला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवायला नेणार आहे. गुडघ्यांचं बघून. येणार असाल कुणी तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.