रॅकेट कोणाच्या हातची?

आमच्या घरांतील बैठकीच्या खुंटीला एक बॅडमिंटनची रॅकेट सहा महिने लटकत होती, आणि तिच्याकडे पाहून आम्हीं आमच्या सूनबाईंविषयीं एक मत बनविलें होतें. तें मत खोटें ठरलें. कसें ठरलें, हें सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच.

आम्ही गोंदियाचे. भाताच्या गिरण्या, तेंदूपानांचा हंगाम आणि उन्हाळ्यांतील भाजून काढणारें ऊन ह्यांसाठीं आमचा मुलूख प्रसिद्ध, खेळासाठीं नव्हे. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा होऊन आमचा जिल्हा झाला, तेव्हां आम्ही शाळेंत मुलांकडून शब्द चालवून घेत होतों, आणि खेळाचा तास हा आमच्या लेखीं मास्तरांच्या विश्रांतीचा तास होता. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनीं चालावयास सांगितलें. चालतां चालतां आम्ही एका सभागृहाशीं पोंचलों, तेथें पहाटे आमच्यासारखेच चार निवृत्त गृहस्थ डबल्स खेळत होते. त्या दिवसापासून हा नाद लागला तो लागलाच.

आमचे चिरंजीव संध्याकाळीं खेळतात. त्यांचा स्मॅश जबरदस्त असल्याचें ते स्वतःच सांगतात. मागील दिवाळींत त्यांनीं नवी रॅकेट घेतली आणि जुनी सूनबाईंच्या स्वाधीन केली. एकत्र कुटुंबांत वस्तु अशाच उतरत जातात. थोरल्याचा सदरा धाकट्यास, वडिलांचा चष्म्याचा डबा नातवाच्या पेन्सिलींस. त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. उलट, "चार हजारांची वस्तु फुकट मिळाली!" असें आम्हीं सूनबाईंस ऐकविलेंही. त्या दोन महिने मोठ्या हौसेनें पहाटे आमच्याबरोबर आल्या. पुढें कोपर दुखतें म्हणूं लागल्या, आणि एके दिवशीं रॅकेट खुंटीला गेली. तेव्हां पाहुण्यांदेखत आम्हीं 'आरंभशूर' हा शब्द उच्चारला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. चहाचे कप उचलून आंत गेल्या.

पावसाळ्यांत आमच्या स्वतःच्या रॅकेटीची चौकट एका स्नेह्यांच्या रॅकेटीवर आदळून फुटली. खुंटीवरची घेऊन आम्ही खेळूं लागलों. तीन आठवडेही झाले नसतील, आमच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास, नेमक्या त्याच ठिकाणीं, कळ येऊं लागली. पाण्याचा तांब्या उचलवेना. घरांतून शेक मिळाला आणि त्याबरोबर एक प्रश्नही मिळाला : "ती रॅकेट तिनें मागितली होती का?"

ह्या प्रश्नानें आम्ही जागे झालों असें म्हणावयास हरकत नाहीं. आमच्या पहाटेच्या मंडळींत एक गृहस्थ आहेत, ते हौसेनें घरीं गटिंग करून देतात. त्यांच्यापुढें ती रॅकेट ठेवली. त्यांनीं प्रथम ती तर्जनीवर आडवी तोलून धरली. मुठीच्या टोंकापासून सुमारें २८५ ते २९५ मिलिमीटरांवर तोल साधला तर ती समतोल. तोलबिंदु ह्यापुढें गेला तर डोक्याकडे जड, अलीकडे राहिला तर डोक्याकडे हलकी. आमची ३०० च्याही पुढें गेली. मग त्यांनीं दांडी वांकवून पाहिली. ती लोखंडाच्या कांबीसारखी ताठ. गटिंगवर बोट वाजविलें, तेव्हां टणत्कार झाला. ते म्हणाले, "मास्तर, ही २८ पौंडांची दिसते. ही तुम्हांस कोणीं दिली?"

येथें थोडें विवेचन करणें अवश्य आहे. डोक्याकडे जड रॅकेट मागून मारलेल्या स्मॅशला आणि टॉसला वजन देते. पण समोरून वेगानें आलेलें शटल परतवितांना ती वेळेवर फिरत नाहीं. ताठ दांडी ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्यास लाभदायक, कारण ती त्याच्या नेमाशीं इमान राखते. ज्याचा हात सावकाश फिरतो त्यास लवचिक दांडीच हवी. ती मागें वांकून पुन्हां सरळ होतांना स्वतःचा थोडा जोर त्या फटक्यास जोडते. गटिंगचेंही तेंच. जितकें ओढून बांधावें तितका नेम अचूक, पण जोर सगळा आपल्या मनगटानें पुरवावयाचा, आणि शटल मधोमध लागलें नाहीं तर हादरा सरळ कोपरांत. हौशी माणसास २० ते २४ पौंड पुष्कळ झाले. कोपर दुखण्यास केवळ रॅकेटच कारण, असें आमचें म्हणणें नाहीं. न तापविलेले स्नायु आणि चुकीचा हात हींही कारणें असतातच. परंतु आमच्या घरांत दोन निरनिराळ्या वयांच्या माणसांचें एकच कोपर दुखावें, हा योगायोग मानण्यास आमची न्यायबुद्धि तयार होईना.

वजनाची भाषा मोठी विचित्र आहे. रॅकेटीवर ३यू, ४यू अशीं अक्षरें असतात. आंकडा वाढला कीं वजन घटतें : ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. मुठीच्या जाडीची खूण 'जी' ह्या अक्षरानें करतात, आणि तेथें तर निरनिराळ्या कंपन्यांचे क्रम एकमेकांच्या उलट! तेव्हां आंकड्यावर न जातां मूठ प्रत्यक्ष हातांत धरून पाहावी, हेंच बरें. फार बारीक मूठ माणूस नकळत घट्ट आवळतो. फार जाड असेल तर बोटांना खेळ राहत नाहीं.

पाणिनीनें 'करण' म्हणून जें कारक सांगितलें, तें क्रियेच्या सिद्धीस सर्वांत अधिक उपकारक असेल तें. आम्ही तीस वर्षें हें मुलांना शिकविलें. मात्र घरांत रॅकेट हेंच कर्ता होऊन बसलें होतें आणि सूनबाईंचा हात तिचें करण झाला होता, हें आम्हांस दिसलें नाहीं. तसेंच कोणत्याही शास्त्राच्या आरंभीं त्याचा अधिकारी कोण, हें आधीं सांगावें लागतें, विषय मागाहून.

कोपरें बरीं झाल्यावर आम्ही सूनबाईंस घेऊन दुकानांत गेलों. चिरंजीवही आले. दुकानदारानें प्रथेप्रमाणें विजेत्या खेळाडूंचीं चित्रें दाखविलीं. विजेत्यांविषयीं आम्हांस आदर आहे. सांगलीच्या नंदू नाटेकरांनीं १९५६ सालीं सेलांगोरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हां रॅकेटीची चौकट लांकडी असे आणि ती वांकूं नये म्हणून शिकंज्यांत आवळून ठेवीत. आमच्या शेजारच्या नागपूरच्या मालविका बनसोड ह्यांनीं २०२२ च्या जानेवारींत सायना नेहवालसारख्या खेळाडूस हरविलें, तेव्हां विदर्भांत सर्वांसच आनंद झाला. ह्या खेळाचे प्रारंभींचे नियम एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या छावणींत बनले आणि कांहीं काळ खेळासच 'पूना' म्हणत, हेंही आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु ह्यांपैकीं कोणाचीही रॅकेट आमच्या सूनबाईंच्या कोपरास लागू पडत नाहीं.

चिरंजीव म्हणाले, "त्या कोपऱ्यांतली घ्या, सवलतींत आहे." दुकानदार म्हणाला, "ही लेडीज आहे," आणि त्यानें एक गुलाबी रॅकेट पुढें केली. नियमांत रॅकेटीची कमाल लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर ठरविली आहे. स्त्रियांची आणि पुरुषांची असा भेद तेथें नाहीं. गुलाबी रंगाच्या आंत ती आमच्या खुंटीवरच्या रॅकेटीइतकीच ताठ निघाली.

आम्हीं विचारलें, "सूनबाई, तुला खेळावयास काय आवडतें?"

त्या जराशा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "मामंजी, मला मागून मारावयास नाहीं आवडत. नेटजवळ आवडतें. शटल हळूच पलीकडे टाकलें कीं समोरचा धांवत येतो ना, तें!"

दोन महिने आमच्याच जोडीस खेळलेल्या ह्या मुलीस आम्ही पहाटेच्या पहाटे, "मागें रहा, टॉस मार!" म्हणून ओरडत होतों.

तेथून निवड सोपी झाली. नेटजवळ खेळावयाचें म्हणजे डोक्याकडे हलकी किंवा समतोल, वजन ५यू, दांडी लवचिक, मूठ बारीक. सगळी ग्रॅफाइटची, दोन हजारांच्या आंत मिळाली. अॅल्युमिनियमची चौकट आणि पोलादी दांडी असलेली स्वस्त रॅकेट दिवसागणिक खेळणाऱ्यानें घेऊं नये. ती जड असते आणि हादरा जास्त देते. कारखान्यांतून येणारें गटिंग बहुधा ढिलें असतें, म्हणून तें काढवून आमच्या स्नेह्यांकडून २२ पौंडांनीं करून घेतलें. नायलॉनचीं शटलें हिरव्या पट्टीचीं घेतलीं. हिरवी पट्टी म्हणजे मंद. उष्ण हवा विरळ असते आणि तींत शटल अधिक वेगानें पळतें, म्हणून आमच्यासारख्या गांवास मंदच बरें. मे महिन्यांत सभागृहांतले पंखे बंद करून खेळावें लागतें, कारण वाऱ्यानें शटल भरकटतें. घाम पुसण्यास पंचा लागतो, त्याचा खर्च वेगळा धरावा.

परत येतांना रिक्षांत आम्हीं 'आरंभशूर' ह्या शब्दाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तें जाऊं द्या," म्हणाल्या. पण तें गेलें नव्हतें हें आम्हांस कळलें, आणि पुढच्या आठवड्यांत तेच पाहुणे आले तेव्हां आम्हीं त्यांच्यासमोर सगळी हकीकत प्रथमपासून सांगितली.

आतां सूनबाई नेटपाशीं असतात आणि आम्ही मागें. परवां त्यांची रॅकेट एक दिवसासाठीं मागितली, तर मूठ हातांत घेऊन आमच्या बोटांशीं ताडून पाहिली आणि परत पिशवींत ठेवली. "मामंजी, तुमच्या हाताला ही बारीक होते. दुपारीं दुकानांत जाऊं या."