एडीएचडीच्या पोरांनी किती उंबरे झिजवायचे?

मंडळी, लेकीबद्दल मी इथं सहसा लिहीत नाही. आज तिला विचारून लिहितेय. "नाव टाकू नकोस, बाकी खुशाल लिही," म्हणाली.

नववीत आहे. वर्गात दंगा नाही, उलट उत्तर नाही, त्यामुळे कुणाच्या नजरेत कधी आलीच नाही. वही घरी राहते, डबा एसटीत राहतो, पेपरातले शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा, 'हुशार आहे, लक्ष देत नाही.' एडीएचडी म्हटलं की लोकांना बाकावरून उड्या मारणारा मुलगाच आठवतो. मुलींमध्ये पुष्कळदा नुसतं लक्ष टिकत नाही, बाकी सगळं शांत. अशा मुलीला आपल्याकडे आळशी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

मदत शोधायला निघालो आणि आधी भेटला तो बाजार. एक जण बोटांचे ठसे घेऊन मुलीची बुद्धी सांगणार होता, पाच हजार रुपयांत. (त्याला शास्त्रीय आधार काहीही नाही.) दुसऱ्यानं थेट मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. अहो, एडीएचडी ना रक्तात दिसतो ना एमआरआयमध्ये. आईबाप आणि शिक्षक दोघांशी नीट बोलून, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे पाहून निदान होतं. वीस मिनिटांत कुणी शिक्का मारत असेल तर उठून या. समुपदेशकाची पाटी आजकाल कुणीही लावतं; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नंबर मागायला लाजू नका. चाचण्या ते करतात, गोळी डॉक्टरच लिहितात.

गोळीचं आणखी वेगळंच. मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची एक प्रत त्याला ठेवून घ्यावी लागते. नियम योग्यच आहे, पण आमच्या तालुक्याच्या गावात एकाही दुकानात ती मिळाली नाही. म्हणून पुणे. एक दिवसाची रजा, दोघींचं तिकीट, डॉक्टरांची फी. ज्या आईची रजा म्हणजे बुडालेली मजुरी, तिनं काय करायचं?

आता दहावी तोंडावर आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणून सोबत अध्ययन अक्षमता आहे का, तेही तपासून घ्या. पुष्कळ मुलांत दोन्ही असतं, आणि तिचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या सवलतीसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो. आमच्या लेकीला ती नाही. म्हणजे अडचण खरी, पण खिडकीवर सांगायला नाव नाही.

तरी वर्गात करता येण्यासारखं खूप आहे, त्याला कुठलाच कागद लागत नाही. तिच्या गणिताच्या बाईंनी तिला खिडकीपासून उठवून पुढं बसवलं, गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहायला लागल्या, आणि चाचणीत दर पंधरा मिनिटांनी बाकावर हलकी टिचकी मारतात. एवढंच. परवाच्या चाचणीत शेवटचा प्रश्न सोडवलेला होता. चुकला होता, पण सोडवला होता!

लगेच कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून आपल्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस फक्त मुलांसाठी ठेवा, आणि ही औषधं तिथंच द्या, असा अर्ज मी लिहिलाय. सह्या हव्यात. पालक, शिक्षक, कुणीही चालेल. इनबॉक्समध्ये मुलाचं नाव, निदान काही सांगू नका, फक्त तुमचं गाव कळवा. कागद घेऊन मी येते.