आधी बेरीज, मग वर्ग : शिवडीतून पुंजयामिकीचा अभ्यास

ऊर्जा सलग धारेने नव्हे, तर ठरावीक हप्त्यांनी दिली-घेतली जाते अशी जी कल्पना माक्स प्लांक यांनी १९०० सालच्या डिसेंबरात मांडली, तिच्यातील एका हप्त्याला मराठीत ‘पुंज’ ही संज्ञा मिळाली आणि अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील वर्तनाचे नियम सांगणाऱ्या शास्त्राला ‘पुंजयामिकी’ हे नाव पडले. १९२५ साली वेर्नर हायझेनबर्ग यांनी आणि पुढच्याच वर्षी एर्विन श्रोडिंजर यांनी वेगवेगळ्या वाटांनी या शास्त्राचे गणित उभे केले, माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्येच त्या गणिताचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत लावला, आणि या घटनांना शंभर वर्षे होत असल्याने संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे पुंजविज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. प्रस्तुत लेखाचा आवाका याहून पुष्कळ लहान आहे. शिवडीत राहणारी, नोकरी करणारी, सत्तेचाळीस वर्षांची एक व्यक्ती संगणकजालावरील विद्यापीठीय अभ्यासक्रमातून हे शास्त्र बारा आठवडे शिकली, त्यात तिला नेमके काय कळले आणि ती कोठे अडली, याचा हा वृत्तान्त असून ती व्यक्ती म्हणजे प्रस्तुत लेखकच होय.

मुंबईचा या शास्त्राशी संबंध जुना आहे. पुंजयामिकीच्या प्रणेत्यांपैकी एक असलेले पॉल डिरॅक १९५४-५५च्या हिवाळ्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने देण्यासाठी मुंबईत आले होते. ती संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या वास्तूत गेलेली नव्हती, तर गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, आणि त्या व्याख्यानांची टिपणे तिने पुढे प्रसिद्ध केली. शिवडी, परळ, लालबाग या भागांतून बोरीबंदरला लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येत असे, तरी गोदीत किंवा गिरणीत काम करणाऱ्याला त्या सभागृहात जाण्याची वाट नव्हती. अशी व्याख्याने पुढच्या अभ्यासाची पायरी आधीच चढलेल्यांसाठी असतात आणि ती पायरी चढण्याइतका वेळ व पैसा या वस्तीतील फार थोड्यांजवळ होता. हे अंतर पुढे ज्या साधनांनी पुष्कळ अंशी कापले, त्यांत भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाचे स्थान पहिले मानावे लागते. पवईच्या संस्थेतील प्रा. पी. रमादेवी यांचा पुंजयामिकीचा अभ्यासक्रम, मद्रासच्या संस्थेतील प्रा. व्ही. बालकृष्णन यांची व्याख्याने, तसेच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्रा. बार्टन झ्वीबाख यांची व्याख्यानमाला ही सारी आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ‘एनपीटीईएल’वरील बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला व्याख्याने आणि एक गृहपाठ असतो, उत्तम आठ गृहपाठांच्या सरासरीला पंचवीस गुण व केंद्रावर जाऊन द्यावयाच्या अंतिम परीक्षेला पंचाहत्तर गुण असतात, आणि शुल्क केवळ त्या परीक्षेचे भरावे लागते.

लेखकाचे पदवीचे शिक्षण भौतिकशास्त्रात झाले होते, परंतु १९९०च्या दशकातील त्या शिक्षणात श्रोडिंजरचे समीकरण हे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवण्याचे सहा गुणांचे प्रकरण होते आणि परीक्षेनंतर ते कायमचे मागे पडले. पुढे उपजीविका एका शिपिंग एजन्सीच्या कचेरीत, जहाजांच्या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवण्यात गेली. निवास शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत, म्हणजे १९२०च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या, मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या अशा रचनेच्या इमारतीत आहे. घरची निजानीज झाल्यावर अभ्यासाला जागा उरते ती त्या बोळात. जिन्याजवळच्या दिव्याखाली चटई टाकून रात्री साडेदहा ते साडेबारा हा वेळ अभ्यासाला मिळे, आणि त्याच दिव्याखाली शेजारच्या खोलीतील बारावीत शिकणारी मुलगी सीईटीची गणिते सोडवत बसे. चाळीतील पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास याच बोळांत झालेला असल्याने कोणाला त्यात विशेष वाटले नाही.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाचा पहिला गुण असा की ते हवे तेथे थांबवता येते आणि पुन्हा ऐकता येते. त्याचा दोषही तेथेच दडलेला आहे, हे कळायला मात्र चार आठवडे गेले. उत्तम शिक्षक फळ्यावर एकेक पायरी मांडत जातो तेव्हा प्रत्येक पायरी पटते, पटल्यामुळे समजल्यासारखे वाटते, आणि या ‘समजल्यासारखे वाटण्या’ला वर्गात जो अडसर येतो, म्हणजे शिक्षकाने अचानक नाव घेऊन विचारलेला प्रश्न, तो येथे कधीच येत नाही. लेखकाने पहिल्या तीन आठवड्यांतील सर्व व्याख्याने दोनदा ऐकली, सुवाच्य टिपणे काढली, आणि तिसऱ्या गृहपाठात दहापैकी तीन गुण मिळवले. त्यानंतर पद्धत बदलली. व्याख्यान एकदाच ऐकायचे, मग पडदा बंद करून तीच मांडणी कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने करायची, आणि हात जेथे थांबेल तेथेच व्याख्यानाकडे परतायचे. या पद्धतीने एका तासाच्या व्याख्यानाला तीन रात्री लागू लागल्या, पण त्या तीन रात्रींत जे हाती आले ते राहिले.

लोकप्रिय पुस्तकांमुळे असा समज होतो की पुंजयामिकी अवघड आहे ती तिच्यातील विलक्षण कल्पनांमुळे. अनुभव वेगळा आला. कल्पना ऐकायला सोप्या असतात. अडवते ते त्यांच्यामागील रेषीय बीजगणित, म्हणजे सदिशांची बेरीज, एका सदिशाचे दुसऱ्यावरील प्रक्षेप, आणि सदिशांना फिरवणाऱ्या वा ताणणाऱ्या आव्यूहांचे, म्हणजे संख्यांच्या चौकोनी मांडणीचे, गणित. पुंजयामिकीत एखाद्या कणाची स्थिती सदिशाने दाखवली जाते आणि मापनातून मिळू शकणारे प्रत्येक उत्तर हे त्या सदिशाच्या अवकाशातील एकेक दिशा असते, एवढे एक वाक्य उमगायला बारावीच्या गणिताची उजळणी पुरेशी ठरली, फक्त ती प्रामाणिकपणे करावी लागली.

खरी अडचण सहाव्या आठवड्यात उभी राहिली. ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी १९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंची शलाका विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडली, तेव्हा ती पट्ट्यासारखी पसरण्याऐवजी दोन ठिकाणी विभागली गेली. याचे कारण इलेक्ट्रॉनच्या अंगी असलेला ‘फिरकी’ हा गुणधर्म असून तो कोणत्याही दिशेने मोजला तरी उत्तरे दोनच येतात, हे पुढे स्पष्ट झाले. गृहपाठातील प्रश्न असा होता की उभ्या दिशेच्या मापनात ‘वर’ निघालेले अणू घ्यावेत, ते आडव्या दिशेच्या उपकरणातून नेऊन ‘उजवे’ व ‘डावे’ असे दोन प्रवाह करावेत, कोणता अणू कोणत्या प्रवाहातून गेला याची कसलीही नोंद न ठेवता ते प्रवाह पुन्हा एकत्र करावेत, आणि मग उभ्या दिशेने पुन्हा मापन करावे. लेखकाचे उत्तर होते निम्मे वर, निम्मे खाली. उजव्या वाटेने आलेल्यांतील निम्मे आणि डाव्या वाटेने आलेल्यांतील निम्मे, असा तो हिशेब होता. योग्य उत्तर मात्र सर्वच्या सर्व ‘वर’ असे आहे.

चूक कोठे झाली हे शोधण्यात पाच रात्री गेल्या. पुंजयामिकीत प्रत्येक वाटेला संभाव्यता थेट दिलेली नसते, तर ‘संभाव्यता-आयाम’ नावाची एक संख्या दिलेली असते, जी ऋणही असू शकते, आणि संभाव्यता मिळवण्यासाठी तिच्या परिमाणाचा वर्ग करावा लागतो. येथे ‘वर’ या उत्तराकडे नेणाऱ्या दोन वाटांचे आयाम अर्धा आणि अर्धा असल्याने त्यांची बेरीज एक येते, तर ‘खाली’ या उत्तराकडे नेणाऱ्या वाटांचे आयाम अर्धा आणि उणे अर्धा असल्याने बेरीज शून्य येते. लेखक प्रत्येक वाटेचा वर्ग आधी करत होता आणि बेरीज नंतर. वर्ग होताच उणे चिन्ह पुसले जाते, आणि एकमेकांना छेद देण्याची त्या वाटांची क्षमताच नाहीशी होते. वाटेत नोंद ठेवली असती तर लेखकाचा हिशेब बरोबर ठरला असता. नोंद नसेल तर आधी बेरीज, मग वर्ग.

हा नियम डोक्यात बसला तो पाठ्यपुस्तकामुळे नव्हे, तर कचेरीतील भरती-ओहोटीच्या तक्त्यामुळे. मुंबई बंदरातील इंदिरा गोदीचे तोंड दरवाजांनी बंद केलेले असून मोठ्या जहाजांचा प्रवेश भरतीच्या वेळेवर अवलंबून असतो, म्हणून हा तक्ता रोज पाहावा लागतो. शिवडीच्या रहिवाशाला त्याचे गणित तक्त्याशिवायही ठाऊक असते, कारण ओहोटीला किल्ल्याखालचा चिखल उघडा पडला की हिवाळ्यात फ्लेमिंगो तेथे उतरतात. भरती ही प्रामुख्याने दोन आंदोलनांची बेरीज आहे : एक चंद्रामुळे, सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांच्या आवर्तनाचे, आणि दुसरे सूर्यामुळे, बारा तासांचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ही दोन्ही एका तालात येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकांविरुद्ध जातात आणि कोळी ज्याला भांग म्हणतात ती मंद भरती येते. समजा, चंद्राचा आयाम १.२ मीटर आणि सूर्याचा ०.५ मीटर आहे. तर उधाणाला १.७ आणि भांगाला ०.७ असे आयाम मिळतील. परंतु दोहोंचे वर्ग आधी केले तर १.४४ आणि ०.२५ यांची बेरीज १.६९, तिचे वर्गमूळ १.३, आणि हा आकडा तिथी कोणतीही असो, बदलणार नाही. आधी वर्ग करणाऱ्याच्या समुद्राला ना उधाण येते, ना भांग. सहाव्या गृहपाठातील चूक नेमकी ही होती, आणि तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने केलेला हा हिशेब लेखकाने अद्याप जपून ठेवला आहे.

हे साम्य किती ताणावे यालाही मर्यादा आहे. भरतीचा आयाम पट्टीने मोजता येतो, संभाव्यता-आयाम कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. शिवाय समुद्रात पाणी खरोखर वर-खाली होते, तर अणूच्या बाबतीत ‘काय हलते’ या प्रश्नालाच अर्थ आहे की नाही याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. लेखकाने या वादात शिरण्याचे टाळले. ज्याला हिशेब नीट करता येत नाही त्याने अर्थाविषयी मत देऊ नये, असे त्याचे मत आहे.

अंतिम परीक्षेत एकूण सत्तावन्न गुण मिळाले, उत्तीर्णतेला ते पुरेसे होते. परीक्षेपेक्षा महत्त्वाची गोष्ट तिच्या दोन आठवडे आधी घडली. पदवीच्या काळात संमिश्र संख्या, म्हणजे उणे एकाचे वर्गमूळ असलेल्या i या संख्येने बनणाऱ्या संख्या, ही लेखकाला गणित सोपे करण्याची एक युक्ती वाटे. पुंजयामिकीत ती युक्ती नसून गरज आहे, हे फिरकीच्याच उदाहरणातून दिसते. उभ्या दिशेतील ‘वर’ व ‘खाली’ हे कागदावर काटकोनातील दोन बाण मानले, तर आडव्या दिशेतील ‘उजवे’ व ‘डावे’ हे त्यांच्याशी पंचेचाळीस अंश करणारे दोन बाण होतात, आणि एका जोडीतील अणू दुसऱ्या जोडीत मोजले की निम्मे-निम्मे का निघतात ते लगेच कळते. पण अवकाशाला तिसरी दिशाही आहे, समोर-मागे अशी, आणि प्रयोगात ती इतर दोन्ही दिशांशी निम्मे-निम्मे असेच वागते. म्हणजे तिच्यासाठी अशी तिसरी जोडी हवी, जी पहिल्या दोन्ही जोड्यांशी एकाच वेळी पंचेचाळीस अंश करील.

दिव्याखाली बसलेल्या मुलीने ते चित्र पाहून विचारले होते, “काका, तिसरी जोडी काढली का नाहीत?” लेखकाने तिला ती काढून पाहण्यास सांगितले. तिने कंपासपेटीतील कोनमापक घेतला, बाण फिरवून पाहिले, एका जोडीशी कोन जुळला की दुसरीशी बिघडतो हे तिच्या ध्यानात आले, तरी सीईटीची वही बाजूला सारून ती आणखी दहा मिनिटे प्रयत्न करत राहिली.

“या कागदावर जागाच नाही, काका.”

“मग कुठे असेल?”

तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि लेखकाची वही ओढून घेऊन i असलेले पान उघडले.