अन्नवस्त्र आणि वांटा

आमचें घर वेळणेश्वरास, समुद्राकडे उतरणाऱ्या एका पाखाडीला लागून आहे. पुढें ओटी, मागें नारळी-पोफळींचें आगर, आणि आगरापलीकडे लाटांचा अखंड आवाज. या घराच्या पडवींत माझ्या थोरल्या चुलत्यांनीं सारें आयुष्य काढलें. आम्ही मुलें त्यांस आबा म्हणत असूं. तिसऱ्या वर्षीं त्यांस देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. त्या काळीं या रोगानें कितीएकांची दृष्टि नेली. भारतांतून तो नाहींसा झाला तो १९७५ नंतर.

आबा घरांत रिकामे कधींच बसत नसत. सुपारी सोलणें, सुंभ वळणें, झावळीचे हीर काढून केरसुणी बांधणें हीं कामें ते आम्हां डोळसांपेक्षां चांगलीं करीत. ओटीवर बसून, भरती किती चढली हें ते नुसत्या आवाजावरून सांगत. माझीं रूपें आणि समासचक्र त्यांनींच ऐकून ऐकून पाठ करून घेतलीं. मी चुकलों कीं त्यांची मान डावीकडून उजवीकडे हले. घरांत त्यांस कोणी उणें बोललें असें मला आठवत नाहीं. पहिल्या पंक्तीस त्यांचें पान, पंधरवड्यास हजामत, दिवाळीस नवें धोतर, यांत कधीं खंड पडला नाहीं. आम्ही त्यांस प्रेमानें वागवितों अशी आमची सर्वांची प्रामाणिक समजूत होती.

१९७१ सालीं घराच्या वांटण्या झाल्या. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. माझें अक्षर बरें म्हणून कच्चा कागद लिहावयास व तो मोठ्यानें वाचून दाखवावयास मला बसविलें होतें. वडिलांचा वांटा, धाकट्या काकांचा वांटा, विहिरीचें पाणी, देवघर, सारें क्रमानें आलें. शेवटीं आबांचें नांव आलें तें असें, कीं त्यांचें अन्नवस्त्र दोघां भावांनीं यावज्जीव चालवावें. मी वाचून थांबलों. आबा कांहीं वेळ सुंभ वळीत राहिले आणि मग म्हणाले, “बाळ, सह्या कोणाकोणाच्या व्हावयाच्या आहेत तें पुन्हां वाच.” मीं वाचलें. त्यांत त्यांचें नांव नव्हतें. “बरें,” एवढेंच ते बोलले.

वडील माणसांनीं समाधान करून घेतलें कीं हें शास्त्राप्रमाणेंच आहे. अंधास दायाचा अधिकार नाहीं, पोषणाचा आहे, ही समजूत आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आजीला मात्र रात्रीं जेवण गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती वडिलांस म्हणाली, “विहिरीजवळचा माड माझ्या थोरल्याचा. कागदावर लिहा कीं न लिहा, त्याचे नारळ त्यानें विकावयाचे.” वडिलांनीं तें मान्य केलें.

पुढें तीन वर्षांनीं मी मॅट्रिक झालों. त्या दिवशीं आबांनीं मला हांक मारली आणि एक जड पुडकें हातांत ठेवलें. तो आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश होता. त्या एका माडाच्या नारळांचे पैसे सांठवून आणि ओळखीच्या मनुष्याकरवीं पुण्याहून त्यांनीं तो मागविला होता. साठीच्या घरांत आलेला हा मनुष्य जन्मभर घेत आला होता. त्या दिवशीं तो देणारा झाला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद आठवला म्हणजे अन्नवस्त्र आणि वांटा यांतील अंतर मला कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

याच कोशाच्या आधारें पुढें मीं मनुस्मृतीचा नववा अध्याय स्वतः वाचला. वारसांतून वगळलेल्यांच्या यादींत तेथें शब्द आहे तो जात्यंध, म्हणजे जन्मतःच अंध. आबा जात्यंध नव्हते. शिवाय १९२८ सालींच कायदा होऊन शारीरिक व्यंगामुळें वारसाहक्क बुडण्याची रीति बंद झाली होती. जन्मजात वेडाचा अपवाद तेव्हां राहिला होता, तोही १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें गेला. म्हणजे ना शास्त्र आमच्या बाजूचें होतें, ना कायदा. आम्हीं दोहोंपैकीं एकही उघडून पाहिलें नव्हतें, कारण तसें न पाहणें आमच्या सोयीचें होतें. मीं हें आबांस सांगितलें नाहीं. १९७९ सालीं ते गेले. त्यांस सांगावयास हवें होतें, असें आज वाटतें.

वडिलांस मीं दोष द्यावा, तर माझाही हिशेब कोरा नाहीं. मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याला ऐकूं येत नसे. मीं त्याला मागच्या बांकावर बसविला, कधीं रागावलों नाहीं, कधीं प्रश्न विचारला नाहीं, आणि दरसाल वरच्या वर्गांत घातला. याला मी दया म्हणत होतों. पुढें अनेक वर्षांनीं आमच्या घराच्या दरवाजाची चौकट बदलावयाची होती, तेव्हां सुतार म्हणून तोच आला. फळीवर पेन्सिलीनें त्यानें अपूर्णांकांचा हिशेब झरझर मांडला. तें गणित मीं त्याला शिकविलेलें नव्हतें. मुंबईस बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा १८८५ पासून चालूं होती. शंभर वर्षांनंतर मजसारख्या शिक्षकास तिच्या पद्धतीची गंधवार्ताही नसावी, हें मला लाजिरवाणें वाटलें.

ज्यांस आपण पोसण्याचें ओझें समजतों, त्यांस वांटा मिळाला तर काय घडतें याचीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले. आमच्या वांटण्यांच्या पुढच्याच वर्षीं, १९७२ सालीं, जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. अपंगांच्या जागतिक स्पर्धांतील भारताचें तें पहिलें सुवर्ण. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं. कोल्हापुरच्या नसीमा हुरजूक यांचें शरीर ऐन तारुण्यांत कमरेखालीं लुळें पडलें. त्यांनीं १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा आणि शेजारच्या सिंधुदुर्गांत काजूचा उद्योग तिनें उभा केला. तेथें अपंग माणसें आपल्या श्रमाचे पैसे आपल्या हातांत घेतात. विहिरीजवळच्या माडाचाच हा मोठा अवतार होय.

कायदाही आतां पुष्कळ पुढें गेला आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यांत एकवीस आहेत, आणि सरकारी नोकऱ्यांत शेंकडा चार जागा राखून ठेवल्या आहेत. त्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन-अक्षमताही आहे. ती यादी वाचतांना, मठ्ठ म्हणून मीं उभीं केलेलीं किती मुलें डोळ्यांपुढें आलीं! ग्रामपंचायतीनेंही आपल्या उत्पन्नांतील शेंकडा पांच रक्कम अपंगांसाठीं खर्च करावयाची असते. ती आपल्या गांवीं कोठें जाते, हें आपण शिकल्यासवरलेल्यांनीं ग्रामसभेंत उठून विचारावें. महाशिवरात्रीस आमच्या गांवीं दूरदूरचे कुळाचारी येतात. त्यांत चाकाच्या खुर्चीवरचे असतात, काठी टेकीत येणारे असतात. त्यांस उचलून नेणारे हात पुष्कळ मिळतात. परंतु उचलून नेलेला मनुष्य देवापुढें स्वतःच्या इच्छेनें घटकाभर अधिक थांबूं शकत नाहीं. ज्यांनीं उचललें त्यांच्या सवडीनें त्याला परतावें लागतें. पायऱ्यांशेजारीं एक सौम्य उतार बांधला तर त्याची भक्ति त्याच्या स्वाधीन राहील.

बाल अष्टावक्र जनकाच्या दारीं गेला तेव्हां द्वारपालानें त्याला अडविलें. राजानें त्याला भिक्षा घालून वाटेला लाविलें असतें तरी तो दयाळूच ठरला असता. त्यानें त्याला प्रश्न विचारले आणि सभेंत वाद करूं दिला, म्हणून ती कथा आपल्यापर्यंत आली.

असो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस माझी एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत असा कोणी असेल तर त्याचें जेवणखाण आपण नीट पाहत असालच. पण घराचे बेत ठरतांना त्याचें मत विचारतां काय? त्याच्या नांवावर कांहीं आहे काय? त्याच्या हातून कोणास कांहीं देण्याची सोय आपण ठेविली आहे काय?

विहिरीजवळचा तो माड आतां फार उंच झाला आहे आणि नारळही थोडे धरतो. गेल्या वर्षीं घराचे कागद नवे करवून घेतले, तेव्हां त्या माडाखालची जमीन कोणाची, असें मोजणीस आलेल्या मनुष्यानें विचारलें. माझ्या तोंडून सहज आबांचें नांव निघालें. त्यानें तें लिहिलें नाहीं. तें नांव लिहिण्याची वेळ १९७१ सालीं होती, आणि तेव्हां लेखणी माझ्याच हातांत होती.