एकाच क्रमांकाची दोन दारे

सेमिनरीत शिकत असताना बेळगावकडून पुण्याला जाताना मिरज जंक्शनवर गाडी बदलण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला. त्या काळी मिरजेत तीन प्रकारचे रूळ एकत्र येत. पुण्याकडे आणि कोल्हापूरकडे जाणारा साडेपाच फुटी ब्रॉड गेज, बेळगाव-लोंढ्याकडून येणारा मीटर गेज, आणि पंढरपूर-बार्शी-लातूरकडे जाणारा अडीच फुटी नॅरो गेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नसे. त्यामुळे माणसे उतरत, हमाल ट्रंका डोक्यावर घेत, आणि सारा संसार एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाई. आज तिकडच्या सर्व दिशांना ब्रॉड गेज झाला आहे. मिरजेची ती धांदल नव्या पिढीला ठाऊकही नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या कार्यालयातील एका संगणकाने आम्हाला तिची आठवण करून दिली.

वाचकहो, गोष्ट सुरू होते ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याच्या ४५ फुटांच्या खुणेच्या कितीतरी वर चढले होते. शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. आमच्या कार्यालयातील खालच्या कप्प्यातल्या जुन्या नोंदवह्या भिजल्या. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि अंत्यविधीच्या या वह्या म्हणजे धर्मग्रामाची स्मृतीच होय. सातारा भागात विखुरलेल्या काही जुन्या कुटुंबांच्या नोंदीही त्यांतच होत्या. पाने वाळवली, काही एकमेकांना चिकटली, काहींची शाई पसरली. पुढे त्यांची छायाचित्रे घेऊन एकेक नोंद संगणकावर उतरवण्याचे ठरले.

हे काम धर्मग्रामातील एका कन्येने अंगावर घेतले. ती अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होती. दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी दोन तास नोंदवह्या, असा तिचा क्रम होता. नोंदी उतरवणे तुलनेने सोपे होते, नोंद शोधणे फार अवघड. एकाच माणसाचे नाव जुन्या पुरोहिताने लॅटिनमध्ये ‘अँटोनियुस’ लिहिलेले असते, नंतरच्याने ‘अँथनी’, आणि घरी तर त्याला सारे ‘अंतू’च म्हणतात. म्हणून तिने पायथन या भाषेत एक छोटी योजना लिहिली. पायथनबरोबरच ‘डिफलिब’ नावाचे एक साधन येते. अक्षरांच्या साम्यावरून ते जवळची नावे पुढे ठेवते. कोणते खरे, हे मात्र मूळ पान पाहून माणसानेच ठरवायचे.

ही योजना तिने ‘ज्युपिटर नोटबुक’मध्ये लिहिली होती. ही एक वहीच असते. एका चौकटीत आज्ञा लिहावी, लगेच खाली उत्तर उमटते, आणि मध्ये आपल्याला हवे ते टिपणही लिहिता येते. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या उपक्रमातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प वेगळा निघाला. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांवरून त्याचे नाव घडले. गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांच्या ज्या नोंदी आपल्या वहीत केल्या, त्यांनाही या नावाने वंदन केले आहे. असली वही इंटरनेटवर परक्याच्या यंत्रावरही चालवता येते. पण स्नानसंस्काराच्या नोंदींत कुटुंबांच्या अनेक खासगी गोष्टी असतात. त्या बाहेर पाठवणे आम्हाला योग्य वाटले नाही. काम आमच्याच संगणकावर झाले पाहिजे, असा आमचा आग्रह होता.

अडचण येथेच उभी राहिली. कार्यालयाचा लॅपटॉप विंडोजवर चालणारा. आमची पत्रे, हिशेब, छपाई, सारे त्यावरच. त्या कन्येचे शिक्षण लिनक्सवर झालेले. तिने तोडगा काढला तो ‘विंडोज सबसिस्टम फॉर लिनक्स’चा. विंडोजच्या पोटातच लिनक्स नांदवण्याची ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणली. तिची पहिली आवृत्ती मिरजेच्या हमालासारखी होती. लिनक्सच्या प्रत्येक मागणीचा विंडोजच्या बोलीत अनुवाद करून ती पुढे पोचवायची. सगळेच ओझे काही हमालाला पेलत नाही, तसे या अनुवादातही काही सुटून जाई. २०२० मध्ये लोकांच्या हाती आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळी वाट धरली. अनुवादाच्या जागी लिनक्सचा खरा गाभाच एका छोट्या आभासी यंत्रात आणून वसवला. एकाच आवारात दुसऱ्या मापाचा स्वतंत्र रूळ टाकावा, त्यावर त्याचे इंजिन फिरावे, आणि दोन्ही फलाटांमध्ये ये-जा करण्यासाठी एक फाटक असावे, असा हा प्रकार आहे.

आरंभीच्या अडचणी किरकोळ होत्या. नोटबुक सुरू केले की ते ब्राउझर उघडू पाही, पण लिनक्सच्या घरातला पत्ता विंडोजच्या ब्राउझरला कळत नसे. मग ‘नो ब्राउझर’ अशी सूचना देऊन, पडद्यावर उमटलेला पत्ता टोकनसकट हाताने ब्राउझरमध्ये टाकायचा, असे तिने ठरवले. विंडोजच्या सी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्सकडून वाचताना काम रेंगाळे, म्हणून तिने त्या लिनक्सच्याच घरात ठेवल्या. आलेखावर मराठी नावांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तेव्हा देवनागरी फॉन्ट बसवला. ही सारी दुखणी एकेका औषधाने बरी होणारी होती.

खरे संकट आले एका गुरुवारी. तिने नेहमीप्रमाणे नोटबुक सुरू केले, पत्ता टाकला, पान उघडले, आणि पाहते तो तिची एकही वही तेथे नाही. नोंदींच्या फाइली नाहीत, योजना नाही, भलत्याच फोल्डरांची लांब यादी समोर. कित्येक महिन्यांचे श्रम नाहीसे झाले असे वाटून तिचा चेहरा उतरला. आम्ही संगणक बंद करून पुन्हा चालू करावयास सांगितले. तसे करताच सारे जागच्या जागी दिसू लागले. शुक्रवारी पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा सारे ठीक.

शनिवारी तिसऱ्यांदा हे घडले, तेव्हा आमचा तोल गेला. सोमवारी सातारा भागातून एक वृद्ध गृहस्थ आपली नोंद शोधण्यासाठी येणार होते. त्यांच्या कागदपत्रांत जन्माची दोन वेगवेगळी वर्षे पडली होती आणि त्यामुळे त्यांचे काम अडले होते. आम्ही त्या कन्येला म्हणालो, “बाळ, तू घाईघाईत काहीतरी पुसून टाकत असशील. जबाबदारी झेपत नसेल तर तसे सांग.” शब्द तोंडातून गेले आणि खोलीत शांतता पसरली. ती काही बोलली नाही. डोळे मात्र भरून आले होते. आम्ही पुन्हा संगणक बंद करण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “नको, फादर. आज बंद नाही करायचा. बंद केला की दोष लपतो. कारण सापडलं पाहिजे.”

त्यानंतर तिने जे केले ते आम्ही शेजारी बसून पाहिले. प्रथम तिने विंडोज तसेच ठेवून फक्त लिनक्सचा भाग बंद केला आणि पुन्हा सुरू केला. काही फरक पडला नाही. “पूर्ण संगणक बंद केला की बरं होतं, नुसतं लिनक्स बंद करून होत नाही. म्हणजे दोष लिनक्सच्या बाहेर आहे,” ती म्हणाली. मग लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तिने आपल्या फाइलींची यादी मागवली. साऱ्या फाइली सुखरूप होत्या. म्हणजे हरवले काहीच नव्हते. ब्राउझरच दुसरीकडे कोठेतरी पाहत होता. तिने ब्राउझरमध्ये एक नवी वही उघडून यंत्रालाच प्रश्न केला, तू कोणत्या पायथनवर चालतोस? ‘सिस.एक्झिक्युटेबल’ असे विचारले की हे उत्तर मिळते. उत्तर आले ते सी ड्राइव्हवरचे, विंडोजच्या पायथनचे.

आता तिने ती परकी यादी प्रथमच शांतपणे वाचली. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. आणि अगदी तळाशी, ‘सराव’ नावाची एक वही. “फादर, ही वही कोणाची?”

वही आमची होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. या मुलीचे काम पाहून आपणही हे शिकावे असे आम्हाला वाटू लागले होते. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूने विद्यार्थिनीपुढे अडखळावे, हे मात्र मनाला पटत नव्हते. म्हणून एका परिचिताकडून विंडोजच्या बाजूस नोटबुकची वेगळी प्रत बसवून घेतली आणि गेले तीन दिवस सकाळच्या मिस्सानंतर आम्ही गुपचूप सराव करीत होतो. ईस्टरची तारीख काढण्याचे गणित मांडून पाहत होतो. झाले की ब्राउझर बंद करायचा आणि लॅपटॉपचे झाकण मिटायचे. ब्राउझर बंद केल्याने नोटबुक थांबत नाही, त्यामागची काळी खिडकी चालूच राहते, हे आम्हाला माहीत नव्हते.

त्या कन्येने उलगडा केला तो असा. नोटबुक सुरू होते तेव्हा ते एका क्रमांकाच्या दारी बसते. हा क्रमांक सहसा ८८८८ असतो. एकाच घरात दुसरे नोटबुक सुरू केले तर ते दार भरलेले पाहून आपण होऊन ८८८९ वर जाते. पण येथे मध्ये भिंत होती. लिनक्सने आपल्या आवारात पाहिले, ८८८८ रिकामे दिसले, आणि तेथेच मुक्काम केला. विंडोजच्या आवारात त्याच क्रमांकाच्या दारी आमचे नोटबुक सकाळपासून बसून होते. तिने टाकलेला पत्ता बरोबर होता, पण ब्राउझर विंडोजचा, त्यामुळे तो आधी आमच्याच दारी गेला. टोकन परके असल्याने खरे तर तिला तेथे अडवले गेले असते. परंतु सकाळी आम्ही आत गेल्याची ओळख ब्राउझरने जपून ठेवली होती. त्या ओळखीवर दार उघडले, आणि ती आपल्या घराऐवजी आमच्या घरात जाऊन उभी राहिली.

उपाय एका ओळीचा निघाला. तिचे नोटबुक सुरू करताना ‘पोर्ट ८८८९’ असे सांगायचे. आम्ही आपले काम संपले की काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबून ते खरोखर थांबवायचे. शिवाय त्या रात्रीपासून साऱ्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवण्याची शिस्त लागली. महापुरानंतर आम्हाला हे वेगळे शिकवावे लागायला नको होते.

यंत्र सुधारले. आमच्या बोलण्याचे काय? प्रायश्चित्त संस्काराच्या आसनावर बसून आम्ही वर्षानुवर्षे इतरांना सांगत आलो की, दोष कबूल केल्यावाचून मन मोकळे होत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिला म्हणालो, “बाळ, चूक आमची होती आणि दोष तुला दिला. आम्हाला क्षमा कर.” ती ओशाळली, “असं काय, फादर,” म्हणाली, आणि थोड्या वेळाने हसून विचारले, “ईस्टरची तारीख बरोबर आली का?” आली नव्हती. तिने आमची चूक दाखवून दिली. भागाकारातली बाकी घेण्याऐवजी आम्ही भागाकारच घेतला होता.

रात्री आम्हाला राहून राहून गॅलिलिओची आठवण येत होती. १६१० च्या जानेवारीत त्याने गुरूच्या चंद्रांची जागा रात्रीमागून रात्र टिपून ठेवली. दुसऱ्याच वर्षी रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयातील गणितज्ञांनी ती निरीक्षणे खरी असल्याचे सांगितले. त्यांचे ज्येष्ठ होते फादर क्रिस्टोफर क्लावियुस. १५८२ च्या ग्रेगोरियन पंचांगाच्या, म्हणजे ईस्टरच्याच गणिताच्या, कामात त्यांचा मोठा वाटा होता. तरीही १६३३ मध्ये गॅलिलिओला दोषी ठरवण्यात आले. त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी विज्ञान अकादमीपुढे मान्य केले. मध्ये ३५९ वर्षे गेली. आम्हाला तीन दिवस लागले, हा काही आमचा मोठेपणा नव्हे. चूक कोठे झाली हे शांतपणे विचारणारी एक मुलगी शेजारी होती म्हणून ते घडले. बंद करून चालू करण्याने घर पूर्ववत दिसते, आणि आपण सुटलो असे वाटते. घरोघरची भांडणेही आपण अशीच मिटवतो. दोन दिवस अबोला, मग जणू काही झालेच नाही असे वागणे. कारण मात्र तेथेच झाकणाखाली चालू असते.

सोमवारी ते आजोबा एसटीने आले. कन्येने नाव घातले, वडिलांचे नाव घातले, आणि योजनेने चार नोंदी पुढे ठेवल्या. पहिल्या दोन दुसऱ्यांच्याच निघाल्या. तिसरीचे मूळ पान आम्ही कपाटातून काढले. कडा तपकिरी झालेल्या, शाई उतरलेली, पण अक्षर वाचता येत होते. ‘अँटोनियुस’, तारीख, वडिलांचे नाव, धर्ममातापित्यांची नावे. त्यांच्या दोन वर्षांपैकी कोणते खरे, हे त्या पानाने सांगितले.

दाखला लिहून आम्ही सहीशिक्का करू लागलो, तेव्हा आजोबांनी विचारले, “फादर, त्यात आईचं नाव लिवलंय का?” आई ते तान्हे असतानाच गेली होती. आम्ही वही त्यांच्यापुढे सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. लॅटिन अक्षर त्यांना वाचता येत नव्हते. त्या कन्येने नाव मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.