रविवारी पोरांना कुठं न्यायचं?

जूनमध्ये बायकोची बदली पुण्याला झाली. पोरं तिच्यासोबत गेली, मी इथंच राहिलो. शनिवारी रविवारचं पान लावून झालं की रात्रीची एसटी धरायची आणि सोमवारी सकाळी परत हजर. म्हणजे बाप म्हणून माझ्या वाट्याला आठवड्यातला एकच दिवस. थोरला सात वर्षांचा, धाकटी चारची. मग दर आठवड्याला तोच प्रश्न : रविवारी पोरांना कुठं न्यायचं?

पहिल्या रविवारी गावाकडचा कुठलाही बाप करेल तेच मीही केलं. मॉलमध्ये नेलं. तिथल्या खेळाच्या जागेत दोन पोरांचे तासाभराचे जेवढे पैसे घेतले, तेवढ्यात आपल्याकडं आठवड्याची भाजी येते. वर पायमोजेही त्यांच्याकडूनच घ्यायचे! तास संपला तसं पोरांना बाहेर काढलं, धाकटीनं तिथंच फरशीवर लोळण घेतली. पैशाचं सोडा, पण आठवड्यातून एकदा भेटणारा बाप तो तासभर काचेच्या अलीकडं मोबाइल बघत उभा होता, हे मनाला लागलं.

दुसऱ्या रविवारी शेजारच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "सारसबागेत न्या की. पण दुपारी जाऊ नका, इथल्या बऱ्याच बागा दुपारच्या बंद असतात. चारनंतर निघा." गेलो. पूर्वी तिथं तळं होतं आणि मधल्या बेटावर देऊळ, म्हणून तो तळ्यातला गणपती. थंडीत या गणपतीला स्वेटर घालतात, हे सांगितल्यावर धाकटीनं तिथंच ठरवून टाकलं, आपण थंडीत परत यायचं. शेजारीच पेशवे पार्क. तिथली फुलराणी 1956 सालची. आमच्या डब्यात एक आजी नातवाला सांगत होत्या, "मी तुझ्याएवढी असताना याच गाडीत बसले होते." तिकीट किरकोळ, बाहेर येऊन भेळ, आणि पोरं रात्री न कुरकुरता झोपली.

मग सवयच लागली. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. थोरल्यानं मोजायला सुरुवात केली, साठच्या आसपास चुकला, म्हणून खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून! एकदा आठवड्यात मधेच सुट्टी मिळाली म्हणून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेलं, तर ते बुधवारी बंद. आधी बघितलं नाही, चूक माझीच. पुढच्या रविवारी गेलो. सुमारे 130 एकरांचा पसारा. अर्धा मी चाललो, उरलेला धाकटीला खांद्यावर घेऊन चाललो. त्या दिवसापासून घरात तीन नियम झाले. एका दिवशी एकच ठिकाण, पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघायचं, आणि पोरांना भूक लागायच्या आत परत फिरायचं.

सगळ्यात लक्षात राहिलं ते राजा दिनकर केळकर संग्रहालय. मला वाटलं होतं, जुन्या वस्तूंना पोरं कंटाळतील. पण दिवे, अडकित्ते, वज्र्या बघत थोरला प्रत्येक कपाटापाशी थांबत होता. "बाबा, हा राजा कुठला?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, हा सिंहासनावरचा राजा नव्हे. राजा हा केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याच्या नावानं वडील आयुष्यभर वस्तू गोळा करत राहिले आणि 1975 साली तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. पोरगा काही बोलला नाही, फक्त माझा हात धरला. एका बापानं स्वतःच्या लेकरासाठी जमवलेलं आज सगळ्यांच्या लेकरांना बघायला मिळतंय.

आता आपल्या गावाचं. दिवाळीच्या आधी थोरल्याला विचारलं, सुट्टीत गावी येणार ना? तो म्हणाला, "येणार. तिथं आजी आहे. पण बाबा, रविवारी कुठं जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. गेली 19 वर्षं मी या गावात बातमीदारी करतोय. आपल्या विकास आराखड्यात बागेसाठी एक जागा राखीव आहे. तिच्या भूमिपूजनाची बातमी मी दोनदा लिहिली. एकदा नवखा असताना, एकदा त्यानंतर 11 वर्षांनी. नारळ फोडणारे हात बदलले, जागा तीच. दुसऱ्या वेळी मी जुनीच बातमी काढून फक्त नावं बदलली, हे आज कबूल करतो. त्यानंतर त्या बागेचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. आज तिथं बाभळी आहेत आणि रस्त्याच्या कडेला गाळे उभे राहिलेत.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, कलम 127. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मालकाला दोष देऊ नका, त्याला तो हक्क कायद्यानंच दिलाय. बाग जाते ती फायली नुसत्या पडून राहिल्यानं आणि कुणीच न विचारल्यानं. न विचारणाऱ्यांत मी पहिला.

म्हणून सोमवारी 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. गावात बाग आणि क्रीडांगणासाठी किती जागा राखीव होत्या, किती ताब्यात आल्या, किती जागांवर नोटिसा आल्या आणि त्यांना काय उत्तर दिलं, एवढंच विचारलंय. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. जे येईल ते जसंच्या तसं इथं टाकेन. नाही आलं तर तेही सांगेन आणि अपिलात जाईन.

तुमच्याकडून एकच पाहिजे. लहानपणी तुम्ही गावातल्या कुठल्या मोकळ्या जागेत खेळलात आणि आज तिथं काय आहे, ते खाली लिहा. राजकारण नको, फक्त जागा सांगा. यादी मीच करतो.

पोरं दिवाळीत आली होती. रविवारी त्यांना नदीवर नेलं, घाटावर बसून चुरमुरे खाल्ले. धाकटीनं विचारलं, "इथं फुलराणी कधी येणार?" फुलराणीचं नंतर बघू. आधी बसायला सावली तरी होऊ दे.