निम्म्यावर थांबणारे विकर

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या रेणूंत अणू तेच आणि तितकेच असतात. फरक फक्त मांडणीचा. ग्लुकोज आयसोमरेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजचे कडे उघडते, दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन पहिल्यावर सरकवते आणि कमी गोड साखरेची जास्त गोड साखर करते. १९५७ साली अमेरिकेत मार्शल आणि कूई यांनी हे रूपांतर दाखवले. पुढच्या दशकात जपानमध्ये ताकासाकी यांनी स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूतले उष्णता सोसणारे विकर पुढे आणले, आणि मक्याच्या स्टार्चपासून गोड पाक करण्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला. त्या उद्योगाचे सगळे श्रेय या विकराला दिले जाते आणि लठ्ठपणाचे खापरही त्याच्याच माथी फोडले जाते. मला दोन्ही पटत नाहीत.

मुळात हे विकर झायलोज या दुसऱ्याच शर्करेसाठी घडलेले आहे. ग्लुकोजशी त्याचे त्या मानाने बेताचेच जमते. शिवाय विकर तराजूचा काटा लवकर स्थिर करते, पारडे झुकवत नाही. साठ अंश सेल्सियसला समतोल निम्म्या फ्रुक्टोजच्या आसपास येतो, आणि शेवटच्या थोड्या टक्क्यांना फार वेळ लागत असल्याने कारखाने ४२ टक्के फ्रुक्टोजवरच पाक काढून घेतात. शीतपेयांना लागणारा ५५ टक्क्यांचा पाक येतो तो रेझिनच्या स्तंभांत फ्रुक्टोज वेगळे करून आणि ते ४२ टक्क्यांच्या पाकात पुन्हा मिसळून. गंमत म्हणजे ते रेझिन कॅल्शियमयुक्त असते, आणि कॅल्शियम तर या विकराचा वैरी! त्याला मॅग्नेशियम हवे. जनुकीय बदलांनी निम्म्यावर थांबण्याची ही मर्यादा ओलांडता येईल, असे कोणी म्हणेल. पण विकर बदलून समतोल बदलत नाही, तो बदलतो तापमानाने. नव्वद अंशांच्या पुढे तो ५५ टक्क्यांकडे सरकतो खरा, पण तिथे विकराला लागणाऱ्या अल्कधर्मी द्रावणात पाक काळवंडतो. म्हणून उष्णतेत टिकणारे आणि किंचित आम्लातही चालणारे विकर हवे. त्या दिशेचे प्रयत्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९९६ साली निघालेल्या आढाव्यात तपशिलाने मांडलेले आहेत.

आता दोषाचे. २००४ साली संशोधक ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाकाचा संबंध लठ्ठपणाशी जोडला आणि ते मत लोकांत रुजले. पण उसाच्या साखरेतही निम्मे फ्रुक्टोजच असते. ते ग्लुकोजशी बांधलेले असते हा आक्षेप टिकत नाही, कारण लहान आतड्यात तो बंध सहज तुटतो. आंबट शीतपेयात तर तो बाटलीतच तुटू लागतो. अमेरिकेत १९९९नंतर या पाकाचा खप उतरला, लठ्ठपणा उतरला नाही. स्वस्ताईचा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्वस्त गोडवा जास्त प्यायला जातो, हे मी मानतो. पण ती स्वस्ताई केवळ विकराची करामत नव्हे. १९७४ साली साखरेचे भाव भडकले, नंतर अमेरिकेने साखरेच्या आयातीवर कोटा लावला, आणि १९८४पर्यंत तिथले मोठे शीतपेय उत्पादक पाकाकडे वळले. महाराष्ट्रात शीतपेये गोड होतात ती उसाच्या साखरेने, आणि तीच बाटली रिचवणाऱ्याच्या यकृताकडे इथेही जवळपास तेवढेच फ्रुक्टोज जाते.